घेणे : एका इंग्रजी क्रियापदाची आमच्याकडील हकीकत

इतिहासावर व्याख्यान द्यावयाचे म्हणजे एखादी लढाई, एखादा किल्ला किंवा एखादा थोर पुरुष निवडावा, असा आपल्याकडे रिवाज आहे. आम्ही आज एक क्रियापद निवडले आहे, आणि तेही परक्या भाषेतले. यावरून श्रोत्यांपैकी कोणी व्याकरणाच्या भीतीने उठून जाण्याचा विचार करीत असतील, तर त्यांनी थोडा धीर धरावा. लढाई आहे, किल्ला आहे, तह आहेत. फक्त त्या सर्वांना एका लहानशा शब्दाच्या खुंटीवर टांगावयाचे आहे. तो शब्द म्हणजे इंग्रजी 'टेक'.

अर्थांच्या संख्येने पाहिले तर इंग्रजीत 'टेक' हा काही पहिला नव्हे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ सालच्या आवृत्तीत तो मान 'सेट' या क्रियापदाकडे होता; त्याचे चारशे तीसच्या आसपास अर्थ तेथे दिले होते. पुढे नव्या आवृत्तीचे काम करताना 'रन' या धावणाऱ्या शब्दाने त्याला मागे टाकले आणि २०११ साली त्याचे सहाशे पंचेचाळीस अर्थ मोजले गेल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु सेट आणि रन यांनी आमच्या जालन्याचे काही बरेवाईट केलेले नाही. 'टेक'ने केले आहे.

आमच्या वर्गात एक विनोदी मुलगा होता. इंग्रजीच्या मास्तरांनी 'टेक'चा अर्थ विचारला, तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "टेकणे." वर्ग हसला. मास्तरही हसले, पण त्याला बसावयास सांगताना म्हणाले, "जरा टेका आता." तो मुलगा चुकला होता यात शंका नाही. तरी आज वाटते, मराठी 'टेक'च्या घराण्यातले गुडघे टेकणे, हात टेकणे, माथा टेकणे हे प्रयोग नजरेसमोर आणले, तर इंग्रजी 'टेक' जेथे जेथे गेला तेथे समोरच्याने हेच केले होते. नादसाम्यावर व्युत्पत्ती बांधू नये हे आम्हांस कळते. हा केवळ एक चटका म्हणून सांगितला.

घरी मात्र निराळे उत्तर मिळे. आमचे वडील निजामी राजवटीत शिकलेले. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि त्यात सर्व उच्च शिक्षण उर्दूतून देण्याची व्यवस्था झाली. एका देशी भाषेला विद्यापीठाच्या सिंहासनावर बसविण्याचा तो प्रयोग फार धाडसाचा होता, हे कबूल केले पाहिजे. पण ती देशी भाषा आमची नव्हती. त्या पिढीला इंग्रजी शब्द उर्दूच्या खिडकीतून दिसत. वडील म्हणत, "टेक म्हणजे लेना." मग 'लेना' म्हणजे घेणे. अशी दोन पायऱ्या उतरून इंग्रजी आमच्या ओसरीवर येत असे, आणि प्रत्येक पायरीवर थोडा अर्थ सांडत असे.

आता या शब्दाचे कूळ पाहू. 'टेक' हा मुळात इंग्रजांचा शब्दच नव्हे. जुन्या इंग्रजीत घेणे या अर्थी 'निमन' असे क्रियापद होते. जर्मन भाषेत त्याचे भावंड 'नेमेन' आजही नांदते आहे. आठव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तरेकडचे दर्यावर्दी लोक, ज्यांना आपण व्हायकिंग म्हणतो, ते इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरू लागले. प्रथम त्यांनी मठ लुटले, मग शेते घेतली, मग तेथेच घरे बांधून लग्ने केली. त्यांच्या भाषेत घेणे म्हणजे 'टाका'. इसवी सन ११०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजी लिखाणात दिसू लागतो आणि पुढील दोनतीन शतकांत त्याने बिचाऱ्या 'निमन'ला घराबाहेर काढले. 'निमन'ची आठवण आता 'नम्ब' या शब्दात तेवढी उरली आहे. 'नम्ब' म्हणजे बधिर. मूळ अर्थ, ज्याची शुद्ध घेतली गेली तो. जिंकणाऱ्याचा शब्द जिंकलेल्याच्या तोंडात इतका रुळला की, आज ज्या शब्दावाचून इंग्रज माणसाचे सकाळपासून रात्रीपर्यंत पाऊल पुढे पडत नाही, तो त्याच्या पूर्वजांना लुटणाऱ्यांचा आहे. जालन्याच्या लोकांनी यावर हसण्याचे कारण नाही. आपण अर्जी, फिर्याद, जप्ती, कब्जा, वसूल असे बोलतो, तेव्हा आपणही तेच करीत असतो.

या शब्दाचा अगदी आरंभीचा अर्थ 'स्पर्श करणे, हात लावणे' असा असावा, असे भाषापंडित मानतात. गॉथिक या जुन्या भाषेत त्याचा तोच अर्थ सापडतो. आधी हात लावणे, मग उचलणे, मग ठेवून घेणे. इतिहासातही क्रम बहुधा हाच असतो.

आमचे 'घेणे' मात्र निराळ्या वाटेने आले. संस्कृतातील ग्रह्, प्राकृतातील गेण्ह, आणि मग घेणे. या ग्रह् धातूचा विस्तार पाहिला म्हणजे मन थक्क होते. सूर्याला लागते ते ग्रहण, विवाहात होते ते पाणिग्रहण, पाहुण्याला करतो तो आग्रह, शत्रूशी होतो तो विग्रह, गुरू करतो तो अनुग्रह, इंद्रियांचा करावयाचा तो निग्रह. आणि १९३८ साली हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसने ज्याचे नाव घेऊन लोकांना तुरुंगात जावयास सांगितले, तो सत्याग्रह. म्हणजे एकाच धातूतून राहूचे गिळणेही निघाले आणि सत्य घट्ट धरून बसणेही निघाले. इंग्रजी 'टेक'ला सर्व काही येते. हे दुसरे मात्र त्याला साधत नाही. सत्याग्रहाला इंग्रजीत आणावयाची वेळ आली, तेव्हा त्यांना तो शब्द जसाच्या तसा उचलावा लागला.

आता १८०३ सालाकडे वळू. दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केल्यावर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले. ऑगस्टमध्ये अहमदनगर पडले. २ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. इंग्रजी इतिहासात या घटनेला बहुधा एक ओळ मिळते आणि तिच्यात क्रियापद असते 'टुक'. स्टीव्हन्सन टुक जालना. कर्ता, क्रियापद, कर्म, संपले! त्यानंतर तीन आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, आपल्याच जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात असई गावी ती प्रसिद्ध लढाई झाली. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांची कवायती पायदळे आणि तोफा उभ्या होत्या. वाटाड्यांनी नदीला उतार नाही म्हणून सांगितले होते. आर्थर वेलस्लीने काठावर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली आणि ताडले की, शेजारची माणसे एकमेकांकडे जात-येत नसतील असे होणे नाही. येथे उतार असलाच पाहिजे. उतार होता. त्या दिवशी त्याचे पंधराशेंहून अधिक लोक मेले आणि घायाळ झाले, आणि नव्वदांहून अधिक तोफा त्याच्या हाती लागल्या. पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून जगभर कीर्ती झाल्यावरही, आपल्या सर्व लढायांत सर्वांत सरस कोणती असे विचारले असता त्याने असईचेच नाव घेतले, असे सांगतात. त्या तोफांसाठीही क्रियापद 'टेकन' हेच.

मराठीत हेच सांगावयाचे झाले तर आपल्यापुढे केवढा संसार मांडला जातो! किल्ला घेतला म्हणावे की जिंकला, सर केला की काबीज केला? तोफा हस्तगत केल्या, की पाडाव केल्या? मुलूख मारला असेल तर तो लुटून सोडला. ठाणे बसविले असेल तर तेथे राहिले. १६७९ साली शिवाजी महाराजांनी याच जालन्यावर स्वारी केली. चार दिवस शहर लुटले आणि ते परत फिरले. ते मारणे झाले, घेणे नव्हे. मराठी क्रियापद विचारते की, वस्तू कशी आली आणि राहिली किती. इंग्रजी 'टेक' एवढेच विचारते की, आता ती कोणाच्या हातात आहे. ज्या राष्ट्राला अर्ध्या पृथ्वीवर राज्य करावयाचे होते, त्याला असा अल्पभाषी शब्द सोयीचा पडला असेल, असे आम्हांस कधी कधी वाटते. अर्थात रशियन, फ्रेंच किंवा आपले पेशवे यांच्याजवळ हा शब्द नव्हता म्हणून ते कमी पडले, असेही नाही. तेव्हा हा विचार फार ताणू नये.

३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्यात अजिंठ्याच्या डोंगरापासून दक्षिणेस गोदावरीपर्यंतचे शिंद्यांचे परगणे कंपनीला सोडून देण्याचे कलम आहे. जालनापूरचा किल्ला आणि परगणा यांचे नाव त्यात स्वतंत्रपणे घातले आहे. कंपनीने हा टापू पुढल्या वर्षी आपल्या दोस्ताला, म्हणजे निजामाला, देऊन टाकला. पाहा, थोड्याच काळात किती क्रियापदे झाली! स्टीव्हन्सनने घेतले, शिंद्यांनी सोडले, कंपनीने दिले, निजामाने स्वीकारले. या चारही वाक्यांत जालना कर्म आहे. एकाही वाक्यात तो कर्ता नाही. त्या काळात कादराबादच्या पेठेतल्या साळ्याने, तेल्याने, सराफाने काय केले, हे त्या तहातल्या कोणत्याच क्रियापदाच्या पोटात मावले नाही.

पुढे १८२७ च्या सुमारास जालन्याला छावणी झाली आणि हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज तेथे राहू लागली. ही फौज मोठी गमतीची. अधिकारी इंग्रजांचे, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाच्या तिजोरीतून. पगार थकला, कर्ज वाढले, आणि १८५३ साली त्या कर्जापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. या वेळी 'टेक' शब्द कटाक्षाने टाळला गेला. प्रांत घेतलेला नाही, फक्त खर्चाच्या तरतुदीसाठी नेमून दिलेला आहे, अशी भाषा होती. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वार्षिक पंचवीस लाखांच्या खंडावर तोच प्रांत कायमचा करून घेतला. निजामाला जी. सी. बी. हा मोठा किताब मिळाला, तेव्हा लोकांनी त्या तीन अक्षरांचा अर्थ लावला : 'गेव्ह कर्झन बेरार.' ज्याने घेतले त्याने घेतले म्हटले नाही, म्हणून लोकांनी दिले म्हणून दाखविले. कंटिन्जंट फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन होऊन १९०३ साली जालन्याची छावणी उठली.

छावणी उठली, पण शब्द राहिले. आणि येथे एका वेगळ्या कामगिरीची नोंद केली पाहिजे. कॅप्टन मोल्सवर्थ आणि कँडी बंधू यांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. इंग्रजी-मराठी कोशाचे कामही मोल्सवर्थने हाती घेतले होते. प्रकृतीने साथ दिली नाही, म्हणून ते थॉमस कँडीने १८४७ साली पुरे केले. सैनिकांच्या जातीतलीच ही माणसे, पण त्यांनी मुलूख न घेता शब्द वेचले. इंग्रजी-मराठी कोशकारापुढे 'टेक' आला म्हणजे त्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. फोटोच्या जागी काढणे, वेळेच्या जागी लागणे, वाटेच्या जागी धरणे, मुलाला शाळेत नेणे, बापावर जाणे, घटना घडणे, सोंगाला खरे समजणे. जेथे एक इंग्रजी शब्द उभा आहे, तेथे मराठीला दहा माणसे उभी करावी लागतात. वेळेचे उदाहरण विशेष पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत काम वेळ घेते. मराठीत कामाला वेळ लागतो. औषध 'लागू पडते', कलम 'धरते'. आमच्या मोसंबीच्या बागाइतदाराला विचारा. तो आंबे बहार किंवा मृग बहार 'धरतो'. आणि त्याच तोंडाने शेजाऱ्याला विचारतो, "यंदा काय घेतलं?" म्हणजे पेरले काय, पिकविले काय. कापूस घेतला, सोयाबीन घेतले. जमिनीतून पीक घेणे हा प्रयोग इंग्रजीत नेला तर चोरीचा वास येईल. आमच्याकडे त्याला घामाचा वास आहे.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मात्र आपल्या घेण्याला इंग्रजी घेण्याने पुष्कळच ओढले. सभेत 'भाग घेणे', कामात 'पुढाकार घेणे', विषयात 'रस घेणे' हे इंग्रजी वळणाचे प्रयोग आता इतके आपले झाले आहेत की, त्यांना परके म्हणणाराच परका ठरेल. निर्णय पूर्वी केला जाई, आता घेतला जातो. निरोपाच्या वेळी 'येतो' म्हणण्याऐवजी तरुण मंडळी 'काळजी घे' म्हणतात. आम्हांस ते ऐकून आपण आजारी आहोत की काय अशी शंका येते. पण शंकेपलीकडे आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती दुसरीकडे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. या पाच दिवसांना काय म्हणावे? सरकारी भाषेत 'पोलीस कारवाई' म्हणाले. आपण मराठवाड्यात 'मुक्तिसंग्राम' म्हणतो आणि १७ सप्टेंबरला झेंडा लावतो. काही इंग्रजी पुस्तकांत अजूनही सापडते की, भारताने हैदराबाद 'घेतले'. १८०३ साली स्टीव्हन्सनने जालना घेतले आणि १९४८ साली भारताने हैदराबाद घेतले, ही दोन वाक्ये एका साच्यात बसली की सारा घोटाळा होतो. दुसऱ्या वाक्यात तुरुंगात गेलेले, सरहद्दीवरच्या कँपांत राहिलेले, शाळा-कॉलेजे सोडलेले लोक कोठे गेले? येथे प्रथमच जालना, परतूर, अंबड ही गावे कर्त्याच्या जागी येऊन बसली होती. त्यांना पुन्हा कर्म करणे हा केवळ भाषांतराचा दोष नव्हे. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की, त्या दिवसांत आणि त्यानंतर अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांचे जीव आणि घरे गेली. 'मुक्त' या एका शब्दात तेही मावत नाही. शब्द आमच्या बाजूचा आहे म्हणून त्याची झडती घेऊ नये, असे थोडेच आहे?

आता अगदी अलीकडचे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलेक्टरने जमिनीचा 'ताबा घेतला' की, ती सर्व बोज्यांतून मोकळी होऊन सरकारची होते, असे होते. तेथेही मूळ क्रियापद 'टेक'. मग ताबा घेतला म्हणजे नेमके काय केले? शेतात पाय ठेवला, कुंपण घातले, की कागद लिहिला? २०१३ साली नवा कायदा झाला आणि तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. जुन्या निवाड्याला पाच वर्षे होऊनही प्रत्यक्ष ताबा घेतला नसेल किंवा मोबदला दिला नसेल, तर संपादन रद्द समजावे, अशी त्यात तरतूद आहे. हजारो खटले उभे राहिले. ६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात ठरविले की, त्या कलमातला 'किंवा' हा 'आणि' असा वाचावा, म्हणजे दोन्ही गोष्टी झालेल्या नसतील तरच संपादन रद्द होईल. आणि पंचनामा लिहिला म्हणजे ताबा घेतला. एक अव्यय आणि एक क्रियापद, यांच्या अर्थावर देशभरच्या जमिनी टांगल्या होत्या. व्याकरण शाळेतच संपते असे मानणाऱ्यांनी तो निकाल जरूर वाचावा.

आमचे दूरचे एक चुलते होते. त्यांची जमीन एका तलावाखाली आली. आम्ही तेव्हा तरुण होतो आणि गावात इंग्रजी वाचणारे म्हणून आमची थोडी मिजास होती. ते एक कागद घेऊन आले आणि म्हणाले, "बाबा, काय लिव्हलंय बघ." आम्ही वाचून सांगितले की, अमुक तारखेला सरकारने तुमच्या शेताचा ताबा घेतला. त्यांनी तारीख पुन्हा विचारली. मग बोटांवर काही मोजले आणि म्हणाले, "त्या दिशी तर मी वखर हाणीत व्हतो. कोणी आलं न्हाई, गेलं न्हाई." आम्ही त्यांना कायद्यातला अर्थ समजावू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. कागदाची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली, आणि पुढे मरेपर्यंत, कोणीही विचारले तरी, त्यांनी सरकारने जमीन घेतली असे एकदाही म्हटले नाही. ते म्हणत, "तळ्यात गेली."